कुरवंजीच्या तोंडी कोपर्निकस : तंजावरच्या सरस्वती महालाची वाटचाल

छत्तीसगडातल्या मराठी माणसाचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात १७४१ पासून होते. त्या साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत इकडे फौज घेऊन उतरले, रतनपूरच्या हैहयवंशी राजाने फारशी लढाई न देता मान तुकवली, आणि पुढे बिंबाजी भोसले रतनपुरातच राहून कारभार पाहू लागले. पण त्याच साली, रामनवमीच्या सुमारास, खुद्द रघुजी भोसले शेकडो कोस दक्षिणेला कावेरीकाठी त्रिचनापल्लीचा किल्ला घेत होते आणि चंदासाहेबाला कैद करत होते, हे सहसा कोणी सांगत नाही. चंदासाहेबाच्या जाचाने गांजलेल्या तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी साताऱ्याला शाहू महाराजांकडे धाव घेतली होती. ती मोहीम निघाली त्यामागचे हे एक मोठे कारण. रायपूरच्या पंडरी कापड बाजारात कांजीवरम साडी मागणाऱ्या मराठी गिऱ्हाइकाला तमिळ मुलखाशी आपले नाते एवढ्यापुरतेच वाटत असेल, तर ते तसे नाही.

नागपूरकर भोसले आणि तंजावरकर भोसले ही घराणी वेगळी. तंजावरची गादी शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांची. दोन्हीकडे मराठी राजे परभाषक प्रजेत राहिले. इकडे बिंबाजींच्या काळातून उरले ते रतनपूरच्या रामटेकडीवरचे राममंदिर आणि दसऱ्याला सोने वाटायची चाल. तिकडे उरले एक ग्रंथालय. सरस्वती महाल त्याचे नाव. ते आजही तंजावरच्या राजवाड्यात आहे, चालू आहे, आणि या लेखाचा विषय तेच आहे.

विषय आजच का काढला, तेही सांगतो. हल्ली पंडरीपासून पुण्यापर्यंत कुठल्याही व्याख्यानमालेत वा सत्संगात एक सूर हमखास लागतो : तमिळ ही जगातली आदिभाषा, नटराजाचे तांडव म्हणजे अणुकणांचे नृत्य, आणि आधुनिक भौतिकशास्त्र जे आता सांगते ते आपल्या ऋषींना आणि सिद्धांना आधीच ठाऊक होते. ऐकायला बरे वाटते. टाळ्याही पडतात. पण तमिळ भाषा, हिंदू अध्यात्म आणि पाश्चात्त्यांचे नवे विज्ञान या तिघांची गाठ एका छपराखाली प्रत्यक्ष पडली, ती एका मराठी राजाच्या पुस्तकघरात. तिथे ती कशी पडली आणि कशी पडली नाही, हे पाहण्यासारखे आहे.

महालाचे मूळ मराठी नव्हे. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले त्याआधी तिथे नायक राजे होते आणि त्यांचे सरस्वती भांडार होते. रघुनाथ नायक स्वतः कवी आणि वीणावादक. त्याचा मंत्री गोविंद दीक्षित मोठा विद्वान, आणि दीक्षितांचा मुलगा वेंकटमखी याने 'चतुर्दंडीप्रकाशिका' लिहून सात स्वरांच्या बहात्तर मेळांचा हिशेब मांडला. सगळे मेळ तेव्हा गायले जात होते असे नाही. किती मेळ शक्य आहेत हे त्याने गणिताने काढले. कर्नाटक संगीत आजही त्याच बहात्तरांवर उभे आहे. मराठ्यांना हे भांडार वारशात मिळाले, आणि त्यांनी ते जाळले नाही, विकले नाही, वाढवले. एवढी एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव सेहेचाळीस विद्वानांना इनाम देऊन टाकले; गावाचे नावच शहाजीराजपुरम पडले. राजे स्वतः नाटके लिहीत. त्यांचे 'पंचभाषाविलास' हे नाटक संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषांत चालते. प्रत्येक नायिका आपल्या भाषेत बोलते आणि कोणाचे कोणावाचून अडत नाही. मराठी नाटकाचा इतिहास सांगलीपासून सुरू करणाऱ्यांनी तंजावरची ही पाने एकदा उलटावीत. शहाजीराजांनी 'त्यागेश कुरवंजी' तमिळमध्येही रचून घेतली. कुरवंजी हा शब्द इथे ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे. तुळजाराजांनी (पहिले) 'संगीतसारामृत' लिहिले. समर्थांच्या शिष्यांचे मठ तंजावर-मन्नारगुडीकडे होतेच. त्या मठांतून आणि दरबारातून मराठी कीर्तन तमिळ मुलखात मुरले आणि त्यातून तिकडचा कथाकालक्षेप घडला.

हे सगळे झाले तरी सरस्वती महाल आज ज्या नावाने ओळखला जातो ते नाव दुसऱ्या सरफोजीराजांचे.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. १७८७ च्या जानेवारीत मरणपंथाला लागलेल्या तुळजाराजांनी (दुसरे) त्यांना दत्तक घेतले आणि पोराचा हात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या हाती दिला. श्वार्ट्झ तमिळ उत्तम बोलत असे, मराठीही शिकला होता. पण गादी बळकावली काका अमरसिंहांनी. पोराचे हाल होऊ लागले तसे श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे खटपट केली आणि १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले. तिथे इंग्रजी, भूगोल, गणित यांचा अभ्यास झाला. १७९८ मध्ये गादी मिळाली, आणि वर्षभरात, १७९९ च्या तहाने, राज्य गेले. तंजावरचा किल्ला, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राजांकडे राहिले. बाकी मुलूख कंपनीचा.

अशा वेळी संस्थानिक सहसा काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे. हत्ती पाळतात, मुजरे ऐकतात, कर्ज काढतात. सरफोजींनी पुस्तके घेतली. युरोपीय भाषांतले साडेचार हजारांच्या आसपास ग्रंथ त्यांनी जमवले, त्यांवर आपली सही केली, आणि मुख्य म्हणजे ते वाचले. श्वार्ट्झच्या हाताखाली वाढूनही त्यांनी स्वधर्म सोडला नाही, आणि गुरूचे ऋणही विसरले नाहीत. लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्यांनी श्वार्ट्झच्या अखेरच्या भेटीचे संगमरवरी शिल्प करून घेतले, आणि थडग्यावरच्या इंग्रजी ओळी स्वतः रचल्या. दुसरीकडे बृहदीश्वराच्या आवाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. चोळांच्या शिवालयावर देवनागरीत इतका लांब मजकूर कोरलेला पाहून आपल्याकडचे यात्रेकरू थबकतात. गाइड तमिळ असतो, वाचून दाखवायचे काम यात्रेकरूंवरच येते.

१८२६ च्या वसंतात कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आला. त्याच्याबरोबरच्या मंडळींनी राजांच्या महालाचे जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यावरून ती जागा डोळ्यांपुढे उभी राहते. तीन ओळी खांबांचा मोठा दिवाणखाना. एका बाजूला शहाजी, शिवाजी यांच्यापासूनच्या मराठे राजांच्या तसबिरी. कपाटांत फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, ग्रीक, लॅटिन पुस्तके, आणि वेगळ्या कपाटांत मराठी व संस्कृत पोथ्या. शेजारच्या खोलीत हवा काढून घेणारा पंप, घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र, आकाश पाहण्याची उपकरणे, आणि हस्तिदंताचा कोरलेला पूर्णाकृती सांगाडा. सांगाडा हस्तिदंताचा का, तर शरीरशास्त्र शिकायचे पण घरात हाड नको. मला ही तोड फार आवडते. सोवळेही राहिले आणि फासळ्याही मोजता आल्या. हेबर राजांशी बोलून थक्क झाला. लावाझिए, लिनियस, ब्युफाँ यांचे दाखले राजे सहज देत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिलला, बिशप त्रिचनापल्लीत स्नानाच्या हौदात बुडून वारला.

यंत्रे शोभेची नव्हती. राजांनी धन्वंतरी महाल काढला, तिथे औषधांची पारख चाले. रोग्यांच्या डोळ्यांची चित्रे आणि उपचारांची टिपणे ठेवली जात; ती चित्रे आजही महालात आहेत आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांवर लेख लिहिले आहेत. अनुभवाला उतरलेली औषधे तमिळ पद्यांत बांधून घेतली; 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ती पुढे महालाने छापली. वैद्यक तमिळमध्ये का? त्या मुलखातला वैद्य आणि त्याचा रोगी दोघेही तमिळ, म्हणून. टिपणे मोडीत, औषधे तमिळमध्ये, आधार संस्कृत आणि इंग्रजी ग्रंथांचा. भाषेचा अभिमान कोणाला दाखवायचा नव्हता, काम करायचे होते.

शाळांना आणि छापखान्याला 'नवविद्याकलानिधी' हे नाव दिले. १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळे जुळवून छपाई सुरू झाली. इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' १८०६ मध्ये तिथे छापले गेले. मुंबईत मराठी पुस्तके नियमाने छापली जाऊ लागली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि तीही पुण्या-मुंबईत नव्हे, कावेरीच्या खोऱ्यात.

आता कुरवंजी. हा तमिळ नाट्यप्रकार अठराव्या शतकात फार गाजला. 'तिरुक्कुट्राल कुरवंजी' त्यातली सर्वांत प्रसिद्ध. साचा ठरलेला. देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते, नायिका त्याच्यावर भाळते आणि विरहाने झुरते. मग डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, टोपली घेऊन येते. आधी ती आपल्या डोंगराची थोरवी गाते, फिरलेले देश सांगते, मग नायिकेचा हात पाहते आणि शुभवर्तमान देते. मागाहून तिचा नवरा सिंगन तिला शोधत येतो, आणि नवरा-बायकोच्या वादावादीत प्रेक्षक हसून घेतात. सरफोजीराजांच्या स्तुतीसाठी शिवकोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये लिहिलेली 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' बृहदीश्वराच्या देवळात होत असे.

राजांनी स्वतः जी लिहिली ती मराठीत : 'देवेंद्र कुरवंजी'. इंद्राणीपुढे कुरत्ती येते. तिने फिरलेले देश सांगावेत ही तर प्रकाराची रीतच. या कुरत्तीने मात्र सगळे जग पाहिले आहे. ती खंडे सांगते, देश, नद्या, डोंगर सांगते, पृथ्वी गोल असल्याचे सांगते. सूर्य मध्ये आणि पृथ्वीसह ग्रह त्याच्याभोवती, ही कोपर्निकसची मांडणी गाण्यांतून उलगडते. स्वर्गातल्या राणीला नवे खगोलशास्त्र ऐकवते कोण, तर हातात टोपली घेतलेली डोंगरची बाई. भाषा मराठी, साचा तमिळ, पात्रे पुराणातली. महालाने हे नाटक १९५० मध्ये छापून प्रसिद्ध केले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला ओळ-दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी होती.

याला जोड म्हणून दुसरी एक कृती ठेवली पाहिजे. वेदनायगम शास्त्री हे तमिळ ख्रिस्ती कवी श्वार्ट्झचेच विद्यार्थी, सरफोजींच्या वयाचे. त्यांनी 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली, तमिळमध्ये. नायक येशू, आणि त्यातही नवे खगोल आणि भूगोल आलेच. एका गुरूचे दोन शिष्य, एकाच गावात, एकाच तमिळ साच्यात तेच विज्ञान ओततात. एक शिवभक्त राजा, एक ख्रिस्ती कवी. सूर्य मध्ये आहे हे सांगायला दोघांनाही आपला देव सोडावा लागला नाही, आणि ग्रह कसे फिरतात हे ठरवायला देवाला साक्षीलाही बोलवावे लागले नाही.

सरफोजींच्या कपाटांत मेरू आणि सप्तद्वीपे सांगणारी पुराणे होतीच. ती त्यांनी फेकली नाहीत. उलट १८२० नंतरच्या मोठ्या लवाजम्याच्या काशीयात्रेतून आणखी पोथ्या गोळा करून आणल्या. त्या यात्रेवर 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' रचल्या गेल्या, त्याही महालाने छापल्या आहेत. पण जग शिकवायचे तेव्हा त्यांनी पृथ्वीचा गोल पुढे केला. पुराणात कोपर्निकस आधीच होता, असे म्हणण्याची गरज त्यांना पडली नाही.

ही वाट एकट्या तंजावरची नव्हती, हेही नोंदवतो. मध्य भारतात भोपाळजवळ सिहोरला लॅन्सेलॉट विल्किन्सनच्या पाठशाळेत सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये मराठीत 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहिले. पुराणातला भूगोल आणि भास्कराचार्यांचा गणिती भूगोल जुळत नाहीत हे दाखवून तिथून त्यांनी वाचकाला कोपर्निकसपर्यंत नेले. मद्रासच्या वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणावर देशी भाषांत पुस्तिका काढली, ती जुन्या मताचा सिद्धांती आणि स्वतः लेखक यांच्या संवादाच्या रूपात. पंचांग प्रत्यक्ष वेधांवर बसवा, असा आग्रह धरणारा हा माणूस. वादाला भिडायचे, ग्रंथाचा ग्रंथाशी आणि ग्रंथाचा आकाशाशी ताळा पाहायचा, ही त्यांची रीत.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक गेले आणि कंपनीने गादी खालसा केली. नागपूरची गादी आदल्याच वर्षी बुडाली होती. छत्तीसगडही तिच्याबरोबर इंग्रजांकडे गेले. तंजावरला खाजगी मालमत्तेवरही टाच आली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. मद्रासला जिंकल्या, १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात हरल्या. नंतर सरकारनेच खाजगी मिळकत घराण्याला परत दिली. नागपूरच्या राजवाड्यातले जवाहीर आणि चीजवस्तू लिलावात गेल्या, तशी गत तंजावरच्या पोथ्यांची झाली नाही. विद्येला गिऱ्हाईक नसते, हे कधी कधी बरेच असते.

तंजावरचा जिल्हा न्यायाधीश आर्थर बर्नेल हा पक्का संस्कृतज्ञ. त्याने महालातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची केली, ती १८८० मध्ये लंडनला पूर्ण छापून झाली, आणि मग युरोपातल्या पंडितांच्या माना इकडे वळल्या. ५ ऑक्टोबर १९१८ पासून महाल सार्वजनिक झाला. त्या सुमाराला जंबुनाथभट लांडगे, कागलकर आणि पतंग अवधूत या घराण्यांनी आपापले पोथ्यांचे संग्रह महालाला देऊन टाकले. ही नावे मुद्दाम लिहिली. देणारे असे पडद्याआड राहतात. पी. पी. सुब्रह्मण्य शास्त्री यांनी १९२८ ते १९३४ या काळात संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची एकोणीस खंडांत काढली. स्वातंत्र्यानंतर तमिळ, मराठी, तेलुगू ग्रंथांचे प्रकाशन सुरू राहिले. १९८३ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली, १९८६ मध्ये नोंदणीकृत सोसायटी झाली. आज सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांतली ३९ हजारांवर संस्कृत, साडेतीन हजारांच्या घरात तमिळ, तीन हजारांवर मराठी आणि आठशेच्या वर तेलुगू. मोडी कागदांची गाठोडी निराळी.

आता नटराजाकडे येतो, कारण त्याच्याशिवाय हा विषय कोणाला पुरा वाटत नाही. तंजावरच्या त्याच राजवाड्यात १९५१ पासून कलादालन आहे आणि त्यात चोळकाळातली ब्राँझे आहेत. एका दारातून पोथ्या, दुसऱ्या दारातून नटराज. आनंद कुमारस्वामींनी नटराजाच्या नृत्यावरचा निबंध १९१२ मध्ये मद्रासच्या 'सिद्धांत दीपिका' मासिकात लिहिला; १९१८ च्या पुस्तकाने तो जगभर गेला. त्यांनी सांगितलेला नृत्याचा अर्थ, म्हणजे उत्पत्ती, स्थिती, संहार, तिरोधान आणि अनुग्रह, हा तमिळ शैवसिद्धांताच्या ग्रंथांतून उचललेला आहे. १९७५ मध्ये फ्रिट्जॉफ काप्रा या भौतिकशास्त्रज्ञाने 'द ताओ ऑफ फिजिक्स' मध्ये त्या नृत्याची कणांच्या सतत घडण्या-मोडण्याशी तुलना केली. १८ जून २००४ रोजी भारत सरकारने दिलेली दोन मीटर उंचीची नटराजमूर्ती जिनिव्हाजवळ सर्नच्या आवारात बसवली गेली, आणि तिच्या फलकावर या दोघांची वचने आहेत.

ही उपमा सुंदर आहे यात वाद नाही. पण ती उपमा आहे. सर्नमधले एकही समीकरण तिच्यातून निघालेले नाही, आणि नटराजाला त्या समीकरणाची गरजही नाही. कुमारस्वामींचा निबंध मात्र कोणीतरी ताडपत्रे जपली, वाचली आणि छापली म्हणून लिहिला गेला.

रायपूरच्या माणसाला याच धाग्यातली एक गोष्ट जवळची वाटेल. नरेंद्रनाथ दत्त हा चौदा वर्षांचा मुलगा १८७७ मध्ये वडिलांकडे रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे इथे राहिला. पुढे त्याचा विवेकानंद झाला, आणि त्याला शिकागोला धाडण्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली ती मद्रासच्या आलसिंगा पेरुमाळ यांनी आणि त्यांच्या तमिळ मित्रांनी. १८९६ च्या फेब्रुवारीत विवेकानंदांनी न्यूयॉर्कहून एका पत्रात लिहिले की निकोला टेस्ला यांना प्राण आणि आकाश ही वेदांतातली कल्पना भावली आहे. द्रव्य आणि शक्ती दोन्ही एकाच ऊर्जेत विरतात हे आपण गणिताने दाखवू, असे त्यांना वाटते. तसे झाले तर वेदांताच्या सृष्टिविचाराला पक्का पाया मिळेल. टेस्लांकडून ती सिद्धता आली नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने वस्तुमान आणि ऊर्जेचे नाते मांडले ते सर्वस्वी दुसऱ्या वाटेने. पत्रातला 'तसे झाले तर' हा भाग व्याख्यानांत गळून पडतो, आणि संन्याशाने ठेवलेली अट भक्त विसरतात. रायपूरच्या विवेकानंद आश्रमाचे संस्थापक स्वामी आत्मानंद नागपूर विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. झालेले, सिद्ध होणे आणि वाटणे यांतले अंतर त्यांना कोणी शिकवायला नको होते.

तमिळ मुलूख, देवळातली विद्या आणि भौतिकशास्त्र यांची खरीखुरी भेट पाहायची असेल तर मृदंगाकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या मराठी कीर्तनांना साथ करणारे नारायणस्वामी अप्पा हे मराठी वादक तिकडच्या मृदंगवादनाच्या तंजावर बाजाचे आद्य पुरुष मानले जातात. नुसते ताणलेले गोल कातडे वाजवले तर त्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ढोलाचा आवाज गोंगाटाकडे झुकतो. मृदंगाच्या मधोमध थरावर थर देऊन जी शाई घोटतात तिच्या वजनामुळे हे स्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. कातड्याला सुरात आणण्याची ही युक्ती वाद्य बनवणाऱ्यांनी कानाने साधली होती. तिचे कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' मधल्या टिपणात आणि मग १९३४ च्या सविस्तर लेखात सांगितले. रामन तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैक्कावलचे, पूर्वजांची शेती तंजावरकडची. त्यांनी मृदंगावर वाळू पेरली, कातडे वाजवले आणि कंपनांच्या रेषा पाहिल्या. पूर्वजांना ध्वनिशास्त्र येत होते असे त्यांनी म्हटले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी शाईने काय होते ते दाखवले, आणि त्याने मृदंग करणाऱ्याची थोरवी कमी झाली नाही.

महालाच्या कामातले एक मोठे काम अजून उरले आहे. मोडी कागदांत दरबाराचा रोजचा व्यवहार आहे : कोणते यंत्र कुठून मागवले, कोणत्या वैद्याला काय दिले, कुरवंजीच्या नाटकशाळेला किती खर्च आला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतल्या निवडक कागदांचे तमिळ भाषांतर करून १९८९ मध्ये तीन खंड काढले. म्हणजे आपल्या पूर्वजांचे जमाखर्च आज तमिळ वाचकाला त्याच्या भाषेत वाचता येतात. मूळ मराठी कागद मात्र मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत गाठोड्यांत आहेत. तंजावरात राहणाऱ्या मराठी घरांतही मोडी जाणणारे आता बोटांवर मोजण्याइतके.

नागपूरकर भोसल्यांचे दफ्तरही मोडीतच आहे, त्यामुळे इकडच्या माणसालाही ती लिपी परकी नव्हे. तिची अक्षरओळख काही आठवड्यांत होते. हात बसायला वर्षभर लागते. नागपूर, पुणे, मुंबईत वर्ग चालतात, पुस्तकेही मिळतात. रायपूरच्या, बिलासपूरच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवातल्या एका व्याख्यानाचा खर्च मोडीच्या वर्गाकडे वळवावा आणि शिकलेली दोन मुले तंजावरला धाडावीत. राजवाडा जुन्या बस स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.